चौकातली झोप

घरात तिला सगळे धाकटी म्हणत, आणि घरातली सगळ्यात शांत खोली धाकटीच्या वाट्याला आली होती. दादा लग्न करून दुसऱ्या शहरात गेला तेव्हापासून ती एकटीचीच. खोलीची खिडकी इमारतीच्या मागच्या अंगणात उघडायची. तिथे मांजरांची भांडणं झाली तर तेवढाच काय तो आवाज. पदार्थविज्ञानाची सगळी पुस्तकं तिने त्या खोलीत वाचली होती.

आई-बाबा बाहेरच्या खोलीत झोपत, चौकाच्या अंगाला. चार रस्ते एकत्र येत होते, शिवाय सिग्नल, बसथांबा आणि चढावर गिअर बदलताना कण्हणारे ट्रक. बाबांची बाजू तर खिडकीला टेकलेली. लहानपणी कधीतरी धाकटीने विचारलं होतं, "बाबा, तुम्हाला इथे झोप लागते?"

"मला काय, चालतंय," बाबा म्हणाले होते.

आईला विचारलं असतं तर तीही तेच म्हणाली असती. उरलेली भाजी, तुटका कप, रद्द झालेली सहल, त्या घरात सगळ्यांना सगळं चालायचं.

धाकटीला नोकरी लागली ती कपडे धुण्याची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत. यंत्र कपडे पिळताना किती खडखडतं, कुठल्या कंप्रतेला खडखडतं आणि कशाने गप्प बसतं, हे शोधायचं तिचं काम. एका शुक्रवारी ती प्रयोगशाळेतून आवाज मोजायचं यंत्र घरी घेऊन आली आणि रात्रभर ते बाबांच्या उशीच्या कडेला ठेवलं. सकाळी आलेख काढला. आलेख पहाटे जरा खाली वाकत होता आणि पहिली बस सुटली की पुन्हा चढत होता. सरासरी सत्तर डेसिबलच्या आसपास. म्हणजे कुणीतरी खोलीतच व्हॅक्यूम क्लीनर सुरू करून विसरून गेलंय, आणि त्यात हे दोघं इतकी वर्षं झोपताहेत.

आणि ती? ती आत, दार लावून, ध्वनिलहरींचा धडा वाचत होती.

चहाच्या टेबलावर तिने कागद ठेवला. "खिडक्या बदलायच्या. बाहेरच्या खोलीची आणि स्वयंपाकघराची, दोन्ही. माझ्या पगारातून."

"अगं, आता इतकी वर्षं गेली," आई म्हणाली.

"म्हणूनच."

"कशाला उगीच खर्च," बाबा म्हणाले. "मला काय..."

"बाबा, ते वाक्य आज नको."

बाबांनी कागद हातात घेतला, आलेखाच्या टेकड्यांवरून बोट फिरवलं, मग लेकीच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि कागद पुन्हा खाली ठेवला.

"बरं," ते म्हणाले.

खिडक्यांच्या दुकानात ती बाबांनाच घेऊन गेली, कारण खिडकी त्यांच्यासाठी होती. बाबांचं आयुष्य पत्र्याच्या डब्यांच्या कारखान्यात गेलेलं. झाकणं कापणाऱ्या प्रेसवर ते उभे असत. त्यामुळे दुकानात शिरल्या शिरल्या त्यांनी खिडक्यांच्या बिजागऱ्या हलवून बघायला सुरुवात केली.

दुकानदार टकला आणि बोलघेवडा होता. "या काका, या ताई. कुठला आवाज आहे तुमच्याकडे? गाड्यांचा, विमानांचा, की शेजाऱ्यांचा? शेजाऱ्यांवर माझ्याकडे इलाज नाही, आधीच सांगतो."

"गाड्यांचा," धाकटी म्हणाली. "आणि मला प्रत्येक कंप्रतेचे आकडे वेगवेगळे बघायचेत. ट्रकचा आवाज खालच्या पट्टीत असतो. तुमच्या माहितीपत्रकावर एकच आकडा छापलाय, त्यात तो लपून जातो."

दुकानदाराने बाबांकडे कळवळ्याने पाहिलं. "मुलगी शिकलेली दिसते."

"फार," बाबा म्हणाले.

त्याने तीन नमुने मांडले. धाकटीने काचांच्या कडा बोटाने चाचपल्या आणि पहिला नमुना लगेच बाजूला सारला. "बघा बाबा, इथे दोन्ही काचा सारख्याच जाडीच्या आहेत. मग त्या दोघी एकाच सुराला थरथरतात आणि तेवढा आवाज आत सोडून देतात. म्हणून एक जाड हवी आणि एक पातळ. एक थरथरायला लागली की दुसरी हट्टाने गप्प बसते."

"तुझ्या आईसारखी आणि माझ्यासारखी," बाबा म्हणाले.

दुकानदार खदखदून हसला. बाबांचा हात मात्र एका सरकत्या खिडकीवर होता. ते ती मागेपुढे ढकलत होते. "ही बरी वाटते मला. हलकी आहे."

"सरकत्या खिडकीला फटी राहतात, बाबा. काच कितीही चांगली घ्या, बोटभर फट राहिली की सगळं मुसळ केरात. आपल्याला बिजागरीची हवी, जी मिटली की रबरावर घट्ट दाबून बसते."

"थोडा आवाज आला तर आला की."

"थोडा तरी कशाला?"

"नाही, म्हणजे... हवा."

"हवेसाठी वेगळा झरोका मिळतो. त्याच्या आत वळणं असतात. हवा वळते, आवाज तिथेच अडकतो."

"बरं," बाबा म्हणाले. "तुला कळतं त्यातलं."

दुकानाच्या मागच्या बाजूला दुकानदाराने एक कोठी उभी केली होती. एक खुर्ची मावेल एवढी, सगळ्या भिंतींना दुहेरी काच. बाहेर भोंग्यावर गाड्यांचा गोंगाट लावायचा, गिऱ्हाइकाला आत बसवायचं आणि दार मिटायचं. "बसा काका. लोक आत जातात ते बाहेर यायला तयार नसतात. परवा एक बाई आत बसून रडल्या, आनंदाने."

बाबा आत बसले. दार मिटलं. आतल्या यंत्रावरचा आकडा काचेतून दिसत होता, आणि धाकटीचे डोळे त्या आकड्यावर खिळले. आकडा घसरत गेला. पन्नास, चाळीस, त्याच्याही खाली. माहितीपत्रक खोटं बोलत नव्हतं. तिने मान वर केली तेव्हा बाबा उभे होते आणि दाराची मूठ चाचपत होते.

बाहेर आल्यावर त्यांनी कानात बोट घालून हलवलं.

"कसं वाटलं?"

"छान आहे की. एकदम... छान." त्यांच्या कपाळावर घाम होता. "आत हवा जरा कमी आहे का हो?"

"तुम्हाला शांततेची सवय नाही, काका. होईल."

धाकटी हसली आणि तिने मापं सांगायला सुरुवात केली.

खिडक्या बसल्या त्या संध्याकाळी आईने नवी मूठ पुन्हा पुन्हा फिरवून पाहिली. उघडली की चौक घरात, मिटली की चौक गायब. "अगं बाई! आपलं घड्याळ टिकटिक करतं?" ती म्हणाली. "मला वाटायचं ते मुकंच आहे." मग ती फ्रिजचं ऐकत उभी राहिली, मग वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवली ते. चारच दिवसांत तिचा आवाज उतरला. आयुष्यभर ती स्वयंपाकघरातून हाक मारायची ती सगळ्या इमारतीला ऐकू जायची. आता ती शेजारी बसून, खालच्या सुरात, कोणी तरी परकी बाई बोलावी तसं बोलू लागली, आणि धाकटीच्या लक्षात आलं की आईचा आवाज मुळात असाच होता.

"आणि एक गंमत सांगू?" आई एका सकाळी म्हणाली. "तुझ्या बाबांचं घोरणं थांबलं."

धाकटीकडे कारण तयार होतं. गोंगाटात झोप उथळ राहते, शरीर सारखं दचकतं, श्वासाची लय बिघडते. शांतता मिळाली की सगळं जागेवर येतं. तिने ते आईला समजावून सांगितलं, दुपारी प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीलाही सांगितलं. ते दिवस तिला फार हलके गेले. रात्री आपल्या खोलीचं दार लावताना आता मनाला काही टोचत नव्हतं.

बिघडलं ते हळूहळू. आधी स्वयंपाकघरातला नळ. बाबा रात्री पाणी प्यायला उठत आणि नळ ठिबकता ठेवून येत. आईने दोनदा बंद केला, तिसऱ्यांदा विचारलं, तर बाबा तिच्यावर खेकसले. ज्या माणसाने कधी गरम चहा सांडल्यावरही तोंडातून शब्द काढला नव्हता, तो नळावरून खेकसला. मग थंडीत पंखा सुरू. आई दोन पांघरुणं घेऊन झोपायची. बाबांचे डोळे आत गेले. जेवताना त्यांना विचारलेलं दुसऱ्यांदा विचारावं लागे. दुपारचे ते घरात दिसतच नसत. "पाय मोकळे करून येतो," म्हणून जायचे ते दिवे लागायच्या वेळेला परतायचे.

आणि एके दिवशी त्यांनी माळ्यावरून बॅग काढली.

"दादाकडे जाऊन येतो जरा."

"अहो, पण त्याचं घर म्हणजे," आई म्हणाली, "मागे मालगाड्यांचा रूळ. सूनबाई दर फोनला रडते त्यावरून. किती दिवस?"

"बघू. राहीन म्हणतो."

"राहीन म्हणजे?"

बाबा बॅगेवरची धूळ झटकत राहिले. आई घडी घालत असलेला टॉवेल तसाच अर्धा धरून उभी राहिली.

त्या संध्याकाळी ती धाकटीच्या खोलीत आली आणि पलंगाच्या काठावर बसली. "माझं काही चुकलं का गं? मला वाटलं होतं, आता आवाज नाही, आता जरा बोलता येईल. इतक्या वर्षांत आमचं बोलणं म्हणजे 'काय?' आणि 'ऐकू नाही आलं'. आता सगळं ऐकू येतं, तर त्यांना माझ्याशी बोलायचंच नाहीये."

"तसं नसेल, आई."

"मग कसं असेल?"

आई गेल्यावर तिला वाटलं, खिडक्यांनी घर इतकं बंद केलं की आतलं काहीतरी कुजायला लागलं. पण ही काही वैज्ञानिक कल्पना नव्हती, म्हणून तिने ती सोडून दिली.

दोन दिवसांनी ती घरूनच काम करत होती. दुपारी चहाचा कप घेऊन ती नव्या खिडकीपाशी उभी राहिली. रबर कोपऱ्यात नीट बसलंय ना, हे ती अजूनही अधूनमधून तपासायची. खाली चौक चालू होता. आवाज बंद केलेल्या टीव्हीसारखा. बसथांब्याच्या बाकावर एक म्हातारा झोपला होता. मान मागे टाकलेली, तोंड उघडं, हात पोटावर. बस आली, त्याला झाकून उभी राहिली, निघून गेली. तो तसाच. पाठोपाठ दुसरी. तरीही तसाच. इतकं गाढ झोपणाऱ्या माणसाचं तिला कौतुक वाटलं, आणि मग तिला त्याच्या अंगातला स्वेटर ओळखू आला. तो आईने विणला होता. एक बाही जराशी लांब झालेली.

ती चपला घालून धावत खाली गेली. इमारतीचं दार उघडलं आणि सगळा गोंगाट एकदम अंगावर आला. ती रस्ता ओलांडून बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. तिने त्यांना उठवलं नाही. बाबा घोरत होते. तिच्या एक गोष्ट लक्षात आली. सिग्नल लाल होऊन गाड्या थांबल्या आणि क्षणभर चौक निवला, की बाबांच्या कपाळाला आठी पडे. हिरवा झाला, ट्रक गुरगुरले, की आठी विरून जाई. तिने हे तीन वेळा घडताना पाहिलं. चौथ्यांदा लाल दिवा जरा लांबला आणि बाबांनी डोळे उघडले.

"तू? ऑफिस नाही?"

"आज घरून."

"मी जरा बस बघत होतो."

"डोळे मिटून?"

बाबा सावरून बसले. स्वेटरची लांब बाही त्यांनी वर ओढली. मग चौकाकडे बघतच म्हणाले, "कानात शिट्टी वाजते माझ्या. बारीक. सतत. प्रेसवर असतानाच लागली. डॉक्टर म्हणाला, ही आता जाणार नाही, हिच्याशी जमवून घ्या. जमवलं. गाड्या चालू असल्या की ती मागे सरकते. मग झोप लागते."

कर्णनाद. हा शब्द तिला माहीत होता. पुस्तकात त्यावर अर्धं पान होतं, आणि एका आवाजाने दुसरा झाकला जातो यावर तर पूर्ण धडा. तिने तो आतल्या खोलीत बसून पाठ केला होता.

"म्हणजे तुम्ही बाहेर झोपायचा ते..."

"मला तिथेच बरं वाटायचं. आतल्या खोलीत मी एकदाच झोपलो, तुझा दादाही व्हायचा होता तेव्हा. वेड लागायची पाळी आली. भिंतीवर डोकं आपटावंसं वाटत होतं."

"मला वाटायचं तुम्ही माझ्यासाठी खोली सोडलीत."

"वाटू दे की. त्यात वाईट काय?"

"बाबा, मी त्यासाठी खिडक्या आणल्या!" ती जवळजवळ ओरडली. बसमधून उतरणाऱ्या एका बाईने वळून पाहिलं. "तुम्ही सांगायचं नाही का? त्या कोठीत बसलात तेव्हा तरी?"

"कसं सांगू? तू तो कागद घेऊन बसली होतीस. डोळे भरलेले. पोर पहिल्या पगारातून काहीतरी घेऊन येते, तिला काय म्हणू, परत ने?" ते थांबले. "म्हटलं, होईल सवय. नाही झाली."

"आज खिडकी उघडून झोपू या."

"नाही." त्यांनी तिच्याकडे पहिल्यांदाच नीट वळून पाहिलं. "तुझी आई झोपते आता. बघितलंयस तिला? कूससुद्धा बदलत नाही. मी तिला अशी झोपलेली कधी पाहिली नव्हती. आता रोज बघतो, मला दुसरं कामच नसतं. तिला यातलं अक्षर सांगायचं नाही. कळलं तर ती आधी खिडकी उघडेल आणि म्हणेल, मला चालतंय. मी दादाकडे जातो. तिथे मालगाड्या आहेत."

दुसरा कोणी 'तिथे समुद्र आहे' असं म्हणेल, तसं ते म्हणाले.

धाकटी त्या रात्री आपल्या शांत खोलीत पडून राहिली आणि तिथली शांतता तिला सोसवेना. प्रयोगशाळेत कुठलंही यंत्र तपासायच्या आधी त्याची जुनी तक्रार विचारतात. वापरणाऱ्याला फोन करून विचारतात, नेमकं काय होतं, केव्हा होतं. कपडे धुण्याच्या यंत्राच्या वाट्याला येणारी ही चौकशी तिने बापाच्या वाट्याला येऊ दिली नव्हती. तिने उशी मोजली होती.

बाबांचा शब्द मोडायचा नाही आणि त्यांना जाऊही द्यायचं नाही, म्हणून तिने तिसरा मार्ग शोधला. प्रयोगशाळेतून चांगला माइक आणला, बसथांब्याच्या बाकावर बसून चौक ध्वनिमुद्रित केला आणि एक छोटा स्पीकर बाबांच्या उशीखाली ठेवला. आईला सांगितलं, झोपेचं संगीत आहे.

"कसं होतं?" सकाळी तिने कुजबुजत विचारलं.

"चांगलं आहे. फक्त तो एक ट्रक आहे ना, ज्याचा ब्रेक किंचाळतो? तो परत येतो. तोच. मग मी त्याची वाट बघत पडतो."

तिने आणखी लांब मुद्रण केलं. बाबांना तेही पाठ झालं. आधी ट्रक, मग कोणीतरी बाई हसते, मग दोन बसगाड्या, मग शिंक. शिंकणारा माणूस त्यांना विशेष जाचायचा. मग तिने नुसती एकसुरी खरखर लावून पाहिली. बाबा म्हणाले, नळ उघडा राहिलाय असं वाटतं, सारखं उठून बंद करावासा वाटतो. त्यांनी दादाला फोन करून येण्याचा दिवस कळवला. बॅग दाराजवळ येऊन बसली.

जायच्या आदल्या संध्याकाळी तिघं जरा लवकरच जेवायला बसली. उन्हं अजून खिडकीत होती. आईने तो स्पीकर ताटांच्या मधोमध आणून ठेवला.

"हे संगीत मी दुपारी ऐकलं," ती म्हणाली. "यात आपल्या चौकातली बस आहे. मला कोणी समजावून सांगाल का? एवढ्या जाड काचा लावून गाड्या घराबाहेर काढल्या, आणि आता डबीत भरून उशीखाली ठेवताय?"

बाबांनी धाकटीकडे बघून मान हलवली. नाही.

धाकटीला ते दिसलं. सांगितलं तर आईची झोप जाणार, तीही एका शब्दाने, विनातक्रार. न सांगितलं तर आई उरलेलं आयुष्य असं समजणार की नवरा आपल्याला कंटाळून गेला.

"आई, सांगते. पण ऐकून झाल्यावर लगेच खिडकीकडे धावायचं नाही."

तिने सगळं सांगितलं. प्रेस, शिट्टी, बाक, कोठी, मालगाड्या. बाबा ताटाकडे बघत बसले होते. आई खिडकीकडे धावली नाही. तिने डाव भांड्यात ठेवला आणि नवऱ्याकडे वळली.

"आपण या घरात आलो तेव्हा आतली खोली रिकामी होती."

"हो."

"मी म्हणाले होते, आपण आत झोपू. तुम्ही म्हणालात, आत दमट आहे."

"हो."

"दमट होतं?"

"नव्हतं."

"मी इतकी वर्षं डोक्यावर उशी दाबून झोपले," आई म्हणाली. तिचा आवाज अजून तो नवा, खालचाच होता, आणि त्यामुळे जास्त भीती वाटत होती. "मला वाटायचं, घर लहान, पोरं मोठी व्हायची, इलाज नाही. इलाज नाही म्हणून मी सोसलं. आणि तुम्ही मला दमट सांगितलंत."

"मला वाटलं, तुला त्रास होत नाही. तू कधी बोलली नाहीस."

"तुम्ही विचारलंत?"

बाबांनी ताट जरा पुढे सरकवलं.

"आई, चूक माझी आहे," धाकटी म्हणाली. "मी जर आधी..."

"तुझी आहेच!" आईने मान वळवली. "तू वेगळी नाहीस. उशीवर यंत्र ठेवलंस आणि सकाळी आम्हाला आमची झोप कागदावर दाखवलीस. दोन माणसं त्या उशांवर झोपतात, तोंड आहे दोघांना. एका शब्दाने विचारलं असतंस, तर कदाचित मी तरी खरं सांगितलं असतं."

"सांगितलं असतंस?" बाबांनी हळूच विचारलं.

आईने विचार केला. "नसतं बहुतेक," ती म्हणाली आणि डोळे पुसले. रागात तिला हसू आलं होतं, आणि हसू आल्याचा तिला आणखी राग आला होता.

मग तिने भांडी गोळा केली. ती मनातल्या मनात काहीतरी ठरवत होती, हे तिच्या हातांवरून कळत होतं. "दादाकडे कोणी जाणार नाही. त्याला फोन करा. उद्या कानाच्या डॉक्टरकडे जायचं. तेव्हाचे डॉक्टर काय म्हणाले ते तेव्हाचं. मी बरोबर येणार आणि डॉक्टर बोलेल ते माझ्या कानाने ऐकणार. तोवर रात्री खिडकी उघडी ठेवा."

"आणि तू?"

"मी आत झोपते." ती धाकटीकडे वळली. "तुझी खोली मला हवीय."

"घे ना. मी स्वयंपाकघरात गादी टाकते."

"स्वयंपाकघरात वगैरे काही नको. हुतात्मा होऊ नकोस. आतच ती घडीची खाट उघड."

धाकटीने पुस्तकं उचलून भिंतीशी रचली, आपलं अंथरूण काढून आईची चादर घातली. आई आपली उशी घेऊन आली. बाहेरच्या खोलीतल्या मोठ्या पलंगावर आता एकच उशी होती, आणि ती बघताना धाकटीला वाटलं, जे लग्न एवढ्या गोंगाटात टिकलं, ते आपण दोन काचा आणि एका वाक्याने मधोमध कापलं. सांगायलाच हवं होतं, हेही खरं होतं. पण त्याने मनावरचं ओझं तसूभरही हललं नाही.

"आई, तुला बरं वाटेल इथे?"

"अगं, दोन महिने शांत झोपलेय मी, कुंभकर्णासारखी. बरं न वाटायला काय झालं?" आईने उशी थोपटली, उलटी केली, पुन्हा थोपटली. "फक्त मध्येच जाग आली तर बाजूला कोण आहे ते आठवायला वेळ लागेल."

बाहेरच्या खोलीत बाबांनी खिडकीची मूठ फिरवली. रबर सुटल्याचा बारीक आवाज झाला आणि चौक आत आला. बस, ट्रक, कोणाचा तरी हॉर्न, कोणाची तरी शिवी. संध्याकाळची गर्दी होती. बाबा तिथूनच काहीतरी म्हणाले.

"काय?" आईने विचारलं.

ते पुन्हा म्हणाले.

"ऐकू येत नाहीये हो!" आई ओरडली, तिच्या त्या जुन्या, सगळ्या इमारतीला ऐकू जाणाऱ्या आवाजात. उत्तर आलं ते एका ट्रकखाली दबलं. शेवटी ती उशी तिथेच ठेवून उठली आणि बाहेर गेली.

धाकटीला दारातून ते दोघं दिसत होते. बाबा आईच्या कानाशी वाकून बोलत होते. एक वाक्य झालं, दुसरं झालं, ते बोलतच राहिले. आई मान हलवत नव्हती, हाताची घडी घालून उभी होती. पण तिथून निघतही नव्हती. ते काय बोलत होते ते गोंगाटात कळायला मार्ग नव्हता, आणि आपण दाराशी जाऊन ऐकावं असं धाकटीला फार वाटलं. तिने खाटेची घडी उघडली. एक पाय अडकला होता. ती खाली बसून तो सोडवत राहिली.